कॉफी पिकत नाही त्या गावची कॉफी

वहिनी, ती मेथी राहू दे जरा, इकडं या कुंपणापाशी. आल्यापासून तुम्हाला सांगीन सांगीन म्हणतेय, पण कपडे धुण्यातनं आणि ह्यांची उलटीपालटी झालेली झोप सांभाळण्यातनं डोकं वर काढायला फुरसत कुठली! आणि हळू बोलूया. पलीकडच्या काकू गच्चीत वाळवण घालतायत. त्यांच्या कानावर गेलं की संध्याकाळच्या आत साऱ्या कॉलनीत बातमी, ‘हे दोघं इटलीला जाऊन नुसती कॉफी पिऊन आले.’ तशी बातमी काही अगदीच खोटी नाही म्हणा.

नाही हो, रोम नाही आणि मिलानही नाही. धाकटी आमची त्रिएस्तेला असते ना! व्हेनिसच्याही पुढं, पार कोपऱ्यात. घटकाभर गाडी चालवली की स्लोव्हेनियात. दोन लाखांची वस्ती, समोर समुद्र, पाठीशी चुनखडीचा डोंगर. तिथं अब्दुस सलामांनी १९६४ साली काढलेलं भौतिकशास्त्राचं मोठं केंद्र आहे. आपल्याकडची पोरं-पोरी तिथं सारखी येऊन-जाऊन असतात. त्या केंद्रात काय चालतं ते मला विचारू नका. केंद्राबाहेर काय चालतं ते विचारा. कॉफी चालते. उठल्यावर, जेवल्यावर, भांडण झाल्यावर, भांडण मिटल्यावर. कॉफी अख्खी इटली पिते, पण आपण बाकीच्यांच्या दुप्पट पितो असं त्रिएस्तेवाले छाती फुगवून सांगतात.

आणि गंमत ऐका, त्या गावात कॉफीचं एक झाड नाही. कुठनं असणार? हिवाळ्यात तिथं ‘बोरा’ म्हणून वारा सुटतो, ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. माणसं उडून पडू नयेत म्हणून पूर्वी रस्त्यांच्या कडेनं दोर बांधायचे. तिथं कॉफीचं रोप काय तग धरणार! मग एवढी कॉफी आली कुठनं? ह्यांनी जन्मभर हळदीची अडत केलेली, त्यांना हे लगेच उमगलं. म्हणाले, “अगं, हे आपल्या सांगलीसारखंच की!” बघा, हळद कुठं कुठं पिकते, पण सौदा होतो सांगलीत. हरिपूरच्या पेवांत हळद पडून राहायची, भाव आला की पेव काढायचं. तिथंही तसंच. माल पिकतो ब्राझीलला, इथिओपियाला, आपल्या कर्नाटकात. पण पोती उतरतात त्रिएस्तेच्या धक्क्यावर, आणि माल पारखणारी माणसं गावात.

ही मुळात ऑस्ट्रियाच्या बादशहाची करणी. १७१९ साली सहाव्या चार्ल्सनं हे बंदर जकातमुक्त केलं. तेव्हा हे गाव व्हिएन्नाच्या अमलाखाली होतं. जकात नाही म्हटल्यावर व्यापारी आलेच. ग्रीक आले, ज्यू आले, सर्ब आले, आर्मेनियन आले. सगळ्यांची देवळं अजून उभी आहेत, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. चार्ल्सच्या मुलीनं, मारिया तेरेसानं, मग मिठागरं बुजवून सरळ रस्त्यांची नवी पेठच वसवली. व्हिएन्नावाल्यांना कॉफीचं वेड, ती जायची इथनं. माल ज्याच्या दारावरनं जातो त्याला त्याची चटक लागतेच.

पुढं पहिल्या महायुद्धानंतर गाव इटलीकडं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं धड इटलीचं नाही, धड युगोस्लाव्हियाचं नाही अशी त्रिशंकू अवस्था. १९५४ साली पुन्हा इटलीत. पण १९४७च्या तहातसुद्धा जकातमुक्त बंदराचं कलम शाबूत ठेवलं बरं का! आजही तिथल्या मुक्त गोदामात परदेशी माल हवा तितके दिवस ठेवा, जकात नाही. बाहेर देशात काढाल तेव्हा भरा. हे ऐकल्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुलीला म्हणाले, “आमच्या वेळी कुणी असं गोदाम दिलं असतं तर!” तिथल्या कॉफीवाल्यांची संघटना १८९१ सालची. लंडनच्या रोबस्टाच्या वायदेबाजाराचा माल ज्या मोजक्या बंदरांत उतरवता येतो, त्यांतलं हे एक. बिया साफ करायची, निवडायची, मिसळायची सोय बंदरातच आहे. इतकंच काय, कॉफीतलं कॅफिन काढून टाकायचा कारखानाही गावात आहे.

बरं, आता कॉफी मागायची कशी ते ऐका, कारण तिथली तऱ्हा उरलेल्या इटलीहून निराळी. इटलीत कुठंही नुसतं ‘काफे’ म्हटलं की एस्प्रेसो येते. इथं म्हणायचं ‘नेरो’, म्हणजे काळी. वर थोडं फेसाळ दूध घातलेली हवी तर ‘कापो’. तीच छोट्या काचेच्या ग्लासात हवी तर ‘कापो इन बी’. मधोमध फेसाचा एकच ठिपका हवा तर ‘गोच्चा’. कॅफिनविना हवी तर पुढं ‘देका’ जोडायचं. आणि बाहेरगावचा इटालियन येऊन ‘कापुचिनो’ म्हणाला की त्याच्यापुढं एवढीशी वाटी येते आणि तो बघत राहतो. मोठा कप पाहिजे तर ‘काफेलाते’ म्हणावं लागतं. काउंटरवर सकाळी आठला उभं राहून ऐकावं! पोऱ्या ओरडतो, “दोन नेरो, एक कापो, तीन कापो इन बी, त्यात एक देका!” लिहून घेणं नाही, काही नाही. मशीनवरची बाई मान वरसुद्धा करत नाही, आणि ज्याची त्याला बरोबर मिळते.

मला? मला ‘कापो इन बी’ आवडली. ग्लास बोटभर उंचीचा. खाली काळपट, मग बदामी, वर पांढरा फेस, असे तीन थर काचेतनं दिसतात. चमचा बशीत असतो, पण मुरलेली माणसं ढवळत नाहीत. पहिल्या घोटाला दूध लागतं, दुसऱ्याला कडू, तिसरा घोट नाहीच. संपली! मी मुलीला म्हटलं, “एवढ्यासाठी चपला घालून आलो होय?” तर म्हणाली, “आई, आता बाहेर पड आणि दहा मिनिटांनी सांग.” खरंच, दहा मिनिटांनीही चव जिभेवर होती.

साखर? घालतात की. बिनसाखरेचीच प्यावी वगैरे शहाणपण तिथले म्हातारे करत नाहीत. काउंटरवर साखरेच्या पुड्या असतात, दोन-दोन फोडतात. सोबत पाण्याचा छोटा ग्लास येतो, तो आधी प्यायचा, म्हणजे तोंड स्वच्छ. नंतर प्यायला तर चव धुतली जाते. आणि उभ्यानंच प्यायची. बसलात की दर वाढला. उभ्यानं सव्वा-दीड युरो, म्हणजे आपले सव्वाशे-दीडशे रुपये. चौकातल्या टेबलाशी बसून तीच कॉफी मागवली की आकडा कुठल्या कुठं. एका ठिकाणी बिल बघून ह्यांनी खिशातला चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. आकडा तोच होता. दरपत्रक भिंतीवर टांगलेलं असतंच. बसायच्या आधी वाचावं, नंतर वाचून उपयोग नाही.

त्या एवढ्याशा कपामागं हिशोब केवढा! एस्प्रेसोची त्यांची संस्था आहे, तिचं माप ठरलेलं. सात ग्रॅम पूड, पंचवीस सेकंद, कपात पंचवीस मिलिलिटर. नव्वद अंशांच्या आसपासचं पाणी हवेच्या नऊ पट दाबानं पुडीतनं काढायचं. सेकंद कमी पडले तर कॉफी पाणचट, जास्त झाले तर करपट कडू. म्हणून हवा दमट झाली की सकाळ-दुपार चक्कीची घट्टी बदलतात. ह्यांनी हे तासभर उभं राहून बघितलं. मी तोवर शेजारच्या बाईच्या कोटाची किंमत मनात लावत होते.

आता जुन्या काफ्यांची गंमत. तिथं काफे म्हणजे काही नुसतं पेयपानाचं ठिकाण नाही, तिथं संसार चालतात. सगळ्यात जुनं तोम्मासेओ, १८३० सालचं. मग देली स्पेक्की, १८३९चं, समुद्राकडं तोंड असलेल्या मोठ्या चौकात. सान मार्को १९१४चं. मला विचाराल तर सान मार्कोत जा. मोठ्या सिनागॉगला लागून आहे. संगमरवरी टेबलं, खाली बिडाचे पाय, भिंतींवर मुखवटे रंगवलेले आणि वर कॉफीच्या पानांची नक्षी. एका अंगाला पुस्तकाचं दुकान. म्हातारे बुद्धिबळ मांडून बसलेले, विद्यार्थी एका कॉफीवर अख्खी दुपार काढतायत, आणि कुणी ‘उठा’ म्हणत नाही. क्लाउदिओ माग्रिस म्हणून मोठे लेखक, ते वर्षानुवर्षं तिथं बसून लिहीत आले. त्यांचं ‘मिक्रोकोस्मी’ नावाचं पुस्तक सुरूच ह्या काफ्यापासून होतं. १९९७ साली त्याला इटलीतला मानाचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला. एका कॉफीत पुस्तक लिहून होतं म्हटल्यावर मालकानं तरी का उठवावं?

पण हे काफे काही साधं नव्हे हो. उघडलं तेव्हा गाव ऑस्ट्रियाचं, आणि आत बसणारी पोरं इटलीत जायच्या वेडाची. ऑस्ट्रियाच्या फौजेत भरती व्हायला नको म्हणून पळून जाणाऱ्यांसाठी इथं खोटे पासपोर्ट बनायचे. १९१५च्या मे महिन्यात इटलीनं युद्ध पुकारलं आणि ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी येऊन सगळं काफे फोडून टाकलं. आज तुम्ही तिथं केक खात बसता तेव्हा हे कुणी सांगत नाही.

आणि तो जेम्स जॉइस! आयर्लंडचा, ‘युलिसिस’वाला. तो लग्नाशिवायच बायकोला घेऊन ह्या गावात आला होता. तेव्हा, १९०४-०५ साली! पुढं दहाएक वर्षं इथंच. व्यापाऱ्यांना इंग्रजी शिकवायचा, मिळालेले पैसे उडवायचा, उधाऱ्या करायचा. धाकट्या भावाला आयर्लंडहून बोलावून घेतलं आणि बिचारा भाऊच ह्याचा संसार सावरत राहिला. जॉइस पुढं पॅरिसला गेला, भाऊ मात्र मरेपर्यंत त्रिएस्तेतच राहिला. पण लिखाणाला बरकत आली ती इथं. ‘युलिसिस’ला हात घातला तोही इथंच. त्याचा एक विद्यार्थी होता, एत्तोरे श्मित्स. सासऱ्याचा जहाजाच्या रंगाचा कारखाना, जावई तिथं कामाला, आणि चोरून कादंबऱ्या लिहायचा. छापायचं नाव इतालो स्वेव्हो. जॉइसनं त्या वाचल्या आणि म्हणाला, तुम्ही लेखक आहात. पुढं त्याची ‘झेनो’वरची कादंबरी गाजली त्यात जॉइसचा हात मोठा. आणि खालच्या आवाजात सांगते, त्या स्वेव्होच्या बायकोचे केस म्हणे फार सुंदर होते. लिव्हिया तिचं नाव. जॉइसनं आपल्या शेवटच्या पुस्तकातल्या नदीबाईला तिचं नावही दिलं आणि केसही. नवऱ्याला इंग्रजी शिकवता शिकवता! आता पुलावर जॉइसचा पुतळा आहे, चालत निघालेला. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात.

कॉफीवाल्या घराण्यांची वेगळीच कथा. इलीचा तो लाल चौकोन आता मॉलमध्ये दिसतो ना, ते घराणं इथलं. मूळपुरुष फ्रान्चेस्को इली. हा काही इटालियन नव्हे. आज रुमानियात असलेल्या तिमिश्वारा गावचा, हंगेरियन घरातला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या फौजेत होता, ते संपल्यावर ह्या गावात टिकला. १९३३ साली कंपनी काढली. त्याच्या दोन युक्त्या गाजल्या. एक म्हणजे डब्यातली हवा काढून दुसरा निरुपद्रवी वायू दाबानं भरायचा, म्हणजे कॉफी शिळी होत नाही. दुसरी, १९३५ सालचं ‘इलेत्ता’ मशीन, त्यात वाफेऐवजी दाबलेल्या हवेनं पाणी ढकलायचं. वाफेनं कॉफी करपायची, ती ह्यानं थांबली. मुलगा एर्नेस्तो रसायनशास्त्रातला. नातू रिकार्दो तर गावचा महापौरच झाला, १९९३ ते २००१, पुढं सगळ्या प्रांताचा प्रमुख. टाय कधी बांधायचा नाही, ही त्याची ख्याती. कॉफीच्या कपावर चित्रकारांकडून चित्रं काढून घ्यायची टूमही ह्याच कंपनीची, १९९२ पासूनची. लोक ते कप जमवतात. मुलीकडं दोन आहेत, मला हात लावू देत नाही.

इलीच्याही आधीचं नाव हाउसब्रांट, १८९२ सालचं. त्याचा मुख्य कारभार आता त्रेव्हिझोकडं गेलाय. पण नुसती मोठी नावंच घेऊन बसलं तर निम्मं गाव बघायचं राहतं. गल्ल्यागल्ल्यांत छोट्या भट्ट्या आहेत, ‘तोरेफात्सिओने’ म्हणतात. कावाना भागात ‘ला त्रिएस्तीना’ आहे, गोल्दोनी चौकात ‘क्रेमकाफे’. मुलगी आम्हाला घेऊन गेली ती मात्र तिच्या घरामागच्या गल्लीत. पाटीसुद्धा धड वाचता येत नाही अशी जागा.

हा प्रसंग सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही. आत एक साठीचा गृहस्थ, अंगात तपकिरी एप्रन. कोपऱ्यात पिंप फिरतंय, खाली जाळ. पोती उघडी, आत कच्च्या बिया, हिरवट करड्या. ह्यांनी विचारलं नाही, पुसलं नाही, सरळ पोत्यात हात घातला आणि मूठभर बिया काढून तळहातावर पसरल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गृहस्थ काम टाकून बघायला लागला. ह्यांनी दोन बिया अंगठ्यानं बाजूला सारल्या, एक फुटकी, एक काळपट. वास घेतला. एक दाताखाली धरून बघितली. तो माणूस हसलाच. मुलीला म्हणाला, “तुझे वडील ह्याच धंद्यातले का?” ती म्हणाली, “नाही, हळदीतले.” तो म्हणाला, “धंदा तोच.”

मग काय, दोघांची जोडी जमली. भाषा येत नाही एकाची एकाला, पोरगी मध्ये बोलून बोलून दमली. त्यानं तळहातावर दोन बिया ठेवून दाखवल्या. अरेबिका लांबट, तिच्या मधली रेघ वाकडी. रोबस्टा गोलसर, रेघ सरळ. अरेबिकाला सुवास, रोबस्टाला अंग. एस्प्रेसोवर जो दाट बदामी फेस येतो तो रोबस्टा घातल्यानं जाडजूड होतो. कुणी नुसती अरेबिका पितं, कुणाला रोबस्टाशिवाय कॉफी प्यायल्यासारखी वाटत नाही, आणि त्यावरनं तिथं भांडणं होतात. एका कपाला साधारण पन्नास बिया लागतात म्हणाला. त्यात एक जरी कुजकी गेली तरी कप बिघडतो. म्हणून मोठे कारखाने यंत्राच्या डोळ्यानं एकेक बी तपासतात आणि खराब बी हवेच्या फुंकरीनं उडवून लावतात. हा माणूस हातानंच निवडतो.

भाजायला टाकल्या बिया. आधी गवतासारखा ओला वास येतो, तुम्हाला ती कॉफी आहे असं वाटणार नाही. मग पिवळट होतात, पावाचा वास सुटतो. मग तांबूस, आणि मग पिंपातनं तडतड तडतड आवाज. तिथनं पुढं त्याची नजर हलली नाही. मध्येच एक पळी आत घालायची, दोन-चार बिया काढून उजेडात बघायच्या, परत घालायच्या. मिनिटाचा खेळ. एकदम झाकण उघडलं आणि सगळ्या बिया खालच्या परातीत ओतल्या, पंखा लावला. खोलीत धूर आणि तो वास! ह्यांनी डोळे मिटून घेतले होते, देवळात उभे आहेत की काय असं वाटावं.

मी म्हटलं, आता ताजी ताजी द्या. तर नाही म्हणाला! भाजल्यावर चार-आठ दिवस थांबायचं. बियांत वायू कोंडलेला असतो, तो निघून जावा लागतो, नाहीतर मशीनमध्ये नुसता फेस होतो आणि चव धारदार लागते. आणि महिनाभरानंतर पुन्हा मजा नाही, कारण सुवास उडतो. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे खरे. त्यानं आठवड्यापूर्वीची पाव किलो दिली. पिशवीवर हातानं तारीख घातली. दळायच्या आधी एकच विचारलं, “मोका की मशीन?” घरच्या मोका भांड्याला जरा जाड, मशीनला बारीक. अर्धा किलो मागितली तर म्हणाला, संपली की परत या.

आणि आता मुद्द्याचं. त्या पोत्यांवर मी काय वाचलं? ‘इंडिया’. होय वहिनी! भारताची कॉफी सगळ्यात जास्त विकत घेतो तो इटली. आपण इथं बाटलीतली पूड दुधात ढवळतो आणि आपल्या कोडगू-चिकमगळूरच्या बिया तिथं जाऊन एस्प्रेसोला अंग देतात. इलीनं तर एकट्या भारताच्या अरेबिकाचा वेगळा डबा काढलाय. त्या भट्टीवाल्याला आपली ‘मान्सून मलबार’ तोंडपाठ होती. तिची गोष्ट त्यानंच सांगितली. पूर्वी शिडाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायची, महिनोन्महिने दमट हवेत बिया फुगायच्या, पिवळ्या पडायच्या, आंबटपणा जायचा. युरोपला तीच चव लागली. १८६९ला सुएझ कालवा उघडला, आगबोटी झपाट्यानं जायला लागल्या, आणि चव बदलली म्हणून गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. मग मंगळूरकडं पावसाळ्यात गोदामांच्या भिंती उघड्या टाकून बियांना मुद्दाम पावसाळी वारं द्यायला लागले. अजून देतात. ह्या सुएझच्या कंपनीत उपाध्यक्ष कोण होता? त्रिएस्तेचाच व्यापारी, पास्क्वाले रेव्होल्तेल्ला. त्याच्या वाड्यात आता म्युझियम आहे.

मुंबईशीही त्या गावाचं जुनं नातं. तिथल्या लॉइड कंपनीच्या बोटी मुंबईला यायच्या. १९३१ला गोलमेज परिषदेहून गांधीजी परतले ते ब्रिंडिसी बंदरातनं ‘पिल्स्ना’ बोटीनं, तीही ह्याच कंपनीची. त्या कंपनीचा महाल मोठ्या चौकात अजून दिमाखात उभा आहे, आत आता सरकारी कचेरी.

म्हणून सांगते, तुमचा थोरला पुढच्या वर्षी युरोपला न्यायचं म्हणतोय ना, तर व्हेनिसच्या गर्दीत चार दिवस घालवण्यापेक्षा दोन दिवस इकडं काढा. व्हेनिसहून रेल्वेनं दोन तास. सकाळची कॉफी काउंटरवर उभ्यानं, पहिल्या दिवशी ‘कापो इन बी’. दुपारी सान मार्कोत बसा, तिथं बसायचे पैसे वसूल होतात. पिरोना म्हणून १९०० सालचं मिठाईचं दुकान आहे, तिथला ‘प्रेस्निट्स’ खा. आक्रोड-बेदाणे भरलेली वळकटी असते. एक सांगते, रम असते त्यात, श्रावणात जाऊ नका. आणि डबे भरभरून आणू नका. विमानतळावर चकचकीत डबे लावलेले असतात, त्यांच्या नादाला लागू नका. पाव किलो आणा, ती पण परतायच्या आदल्या दिवशी, भट्टीतनं.

आणि इथंही तेच करा. आपल्या चिखलदऱ्यात कॉफी पिकते, कर्नाटक तर उंबऱ्याशीच आहे. पुण्या-मुंबईला आता भाजून देणारी दुकानं झालीत, कुरिअरनं घरी पाठवतात. त्रिएस्तेत झाड नाही तरी तिथं कॉफी चांगली मिळते, कारण विकणाऱ्याला माल कळतो आणि पिणाऱ्याला तो ताजा हवा असतो. आपल्याकडं झाडं आहेत, फक्त विचारणारं गिऱ्हाईक पाहिजे. तेव्हा वहिनी, पाकिटावरचं इटालियन नाव वाचून भुलू नका, भाजल्याची तारीख बघा. तारीख नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.